भाग ९ : कणकेचं विरजण आणि तव्यावरचे पॅनकेक



मागच्या भागात आपण बिडाचा तवा तेल पाजून कसा तयार करायचा ते पाहिलं. आज त्याच तव्यावर एक पदार्थ करायचा आहे. सावरडो स्टार्टरचे, म्हणजे कणकेच्या आंबट विरजणाचे पॅनकेक. पण आधी एक प्रसंग सांगतो. हा पदार्थ मी खऱ्या अर्थाने शिकलो तो त्या दोन दिवसांत.

डिसेंबर २०२३. मिचाँग चक्रीवादळ चेन्नईजवळून उत्तरेकडे सरकत होतं. रविवार, ३ तारखेच्या रात्रीपासून जो पाऊस लागला, तो सोमवारी दिवसभर थांबलाच नाही. आम्ही वेस्ट मांबलममध्ये राहतो, मांबलम स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. निवृत्तीआधीची शेवटची नेमणूक सेंट थॉमस माउंटला होती, मुलगीही इथेच नोकरीला, म्हणून राहिलो. हा भाग सखल. पाऊस जरा जास्त झाला की गल्लीत पाणी भरतं, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. सोमवारी सकाळी वीज गेली. दुपारपर्यंत पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी. मोटर बंद, म्हणून वरच्या टाकीत पाणी चढेना. दूध नाही, पाव नाही.

सोमवारी रात्री मी टॉर्च घेऊन फ्रीज रिकामा करायला बसलो. सौ. शेजारी उभी. दूध ओतून दिलं. सकाळचा भात टाकला. वरण टाकलं. अंडी वेगळी काढली. मग खालच्या कप्प्यातला डबा काढला. त्यात आठवडाभराचं उरलेलं सावरडो होतं, सहाशे ग्रॅमच्या आसपास. फुगून झाकणातून बाहेर आलेलं.

सौ. म्हणाली, "अहो, चांगलं दूध ओतलंत, आणि हे आठ दिवसांचं आंबट पीठ ठेवताय?"

प्रश्न रास्त होता. आजचा भाग म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

बरणीत असतं तरी काय?

विरजण शब्द आपल्या घराघरांत आहे. दुधाला चमचाभर जुनं दही लावलं की त्यातले जिवाणू नव्या दुधात वाढतात. सावरडो स्टार्टर म्हणजे तेच, फक्त दुधाऐवजी कणीक आणि पाणी. फरक एकच. दह्यात प्रामुख्याने जिवाणू काम करतात, इथे दोन पलटणी एकत्र नांदतात. एक यीस्टची, दुसरी लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंची. यीस्ट कार्बन डायऑक्साइड सोडतं, त्याने पीठ फुगतं. जिवाणू आम्ल तयार करतात, त्याने पीठ आंबतं आणि टिकतं.

दोन पलटणी एका बराकीत राहिल्या की भांडणं होतात, असा माझा अनुभव. इथे होत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रसिद्ध सावरडोमधला जिवाणू माल्टोज नावाची साखर खातो. त्याच्या सोबतचं यीस्ट माल्टोज खात नाही, इतर साखरा खातं. त्यामुळे रेशनवरून तंटा नाही. शिवाय जिवाणूने केलेलं आम्ल त्या यीस्टला सोसतं, पण बाहेरून आलेल्या बऱ्याच घुसखोरांना सोसत नाही. त्या जिवाणूचं वर्णन १९७१ साली झालं आणि त्याला त्या शहराचंच नाव मिळालं.

हे ऐकून कुणाला वाटेल की हे सगळं परदेशातलं. तसं अजिबात नाही. आमच्या घरी सौ. मालवणकडची. तिच्या माहेरची आंबोळी म्हणजे तांदूळ, उडीद डाळ आणि थोडी मेथी वाटून रात्रभर आंबवलेलं पीठ. घावन मात्र आंबवायचं नाही. तांदळाचं पीठ पाण्यात कालवलं की लगेच तव्यावर. दोन्ही जाळीदार, पण जाळी पडण्याची कारणं वेगळी. आंबोळीत जिवाणूंनी केलेला वायू असतो, घावनात पातळ पिठातल्या पाण्याची वाफ. गोव्यात सान्नां फुगवायला सूर, म्हणजे ताजी ताडी वापरतात. त्यात यीस्ट आयतं असतं. जिलबीचं पीठही आंबवलेलंच.

आणि चेन्नईत तर काय, प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी इडली-दोशाचं तयार पीठ विकणारं दुकान. इथे त्याला नुसतं मावु म्हणतात. इडलीच्या पिठावर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तो १९६५ साली प्रसिद्ध झाला. इडली फुगते ती मुख्यतः ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस नावाच्या जिवाणूमुळे, असं त्यात दिसलं. म्हणजे इडलीत वायू आणि आम्ल ही दोन्ही कामं बव्हंशी जिवाणूच करतो. सावरडोत फुगवण्याचं मुख्य काम यीस्टकडे असतं. नातं मात्र सख्खं.

विरजण तयार करणे

साहित्य दोनच. चक्कीवर सालीसकट दळलेली कणीक आणि उकळून थंड केलेलं पाणी. मैदा सुरुवातीला नको, कारण यीस्ट आणि जिवाणू गव्हाच्या सालीवर जास्त असतात. खपली गहू मिळाला तर अवश्य वापरा. सांगली-कोल्हापूरकडे जो खपली, तोच तमिळनाडूत सांबा गोदुमै. वेस्ट मांबलमच्या बाजारात मी 'खपली' म्हणून शोधत फिरलो आणि तो नजरेसमोर दुसऱ्या नावाने ठेवलेला होता.

पहिला दिवस. काचेच्या बरणीत ५० ग्रॅम कणीक आणि ५० ग्रॅम पाणी कालवा. झाकण सैल ठेवा. माझी पहिली बरणी २०२०च्या टाळेबंदीत केलेली. मी झाकण घट्ट लावलं. दुपारी स्वयंपाकघरातून असा आवाज आला की सौ. म्हणाली, "निवृत्त झालात ना?" वायूला वाट हवी, एवढं त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवसापासून रोज एकदा ५० ग्रॅम मिश्रण बरणीत ठेवून बाकीचं काढायचं, आणि त्यात ५० ग्रॅम कणीक, ५० ग्रॅम पाणी घालायचं. सुरुवातीचे पाच-सहा दिवस काढलेलं मिश्रण टाकून द्या, ते अजून खाण्यासारखं नसतं.

आता एक सावधगिरीची सूचना. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिश्रण एकदम फुगतं आणि घाण वास येतो. लोक खूश होतात की झालं तयार. झालेलं नसतं. ते वेगळेच जिवाणू असतात. आम्ल वाढलं की ते मरतात आणि चौथ्या दिवशी बरणी अगदी गप्प होते. इथे निम्मे लोक निराश होऊन सगळं फेकतात. फेकू नका. खुराक चालू ठेवा. सहाव्या-सातव्या दिवसापासून खरं यीस्ट उठतं. मिश्रण ठरावीक वेळात दुप्पट व्हायला लागलं, वास घाण न येता आंबट-फळासारखा यायला लागला, आणि हे सलग दोन-तीन दिवस झालं, की विरजण तयार.

तापमानाचा हिशेब प्रत्येकाने आपल्या गावाप्रमाणे करायचा. चेन्नईच्या मे महिन्यात माझी बरणी तीन-चार तासांत दुप्पट होते. पुण्याच्या थंडीत तिलाच आठ-दहा तास लागतील. म्हणून उन्हाळ्यात मी जुनं विरजण कमी आणि नवी कणीक जास्त घालतो: एक भाग विरजण, पाच भाग कणीक, पाच भाग पाणी. थंडीत एकास दोन, दोन. विरजण एकदा जमलं की फ्रीजमध्ये ठेवायचं आणि आठवड्यातून एकदा खुराक द्यायचा.

लडाखमध्ये असताना उलटी अडचण होती. चौदा हजार फुटांवर पाणीच ८६ अंशांच्या आसपास उकळतं, आणि थंडीत पीठ फुगायचं नाव घेत नाही. आमचा लंगरचा आचारी पिठाचं भांडं कांबळ्यात गुंडाळून बुखारीजवळ ठेवायचा आणि रात्री उठून त्याची जागा बदलायचा. १८९६ साली कॅनडाच्या युकॉन भागात सोनं सापडलं. क्लॉन्डाइकच्या त्या धावपळीत गेलेले खाणकामगार विरजण गोठू नये म्हणून ते अंगाजवळ बाळगत. त्यांचं टोपणनावच 'सावरडो' पडलं. त्यांच्या रोजच्या जेवणात याच विरजणाचे पॅनकेक असत. ओव्हन नाही, पाव भाजायची सोय नाही. तवा आणि आग तेवढी आहे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

काढायचं कशाला?

दर वेळी निम्म्याहून जास्त मिश्रण बाहेर का काढायचं? जिवावर येतं. पण न काढता प्रत्येक वेळी बरणीत जितकं आहे तितकी कणीक आणि तितकंच पाणी घातलं, तर ५० ग्रॅमचे १५०, मग ४५०, मग १३५०, आणि चौथ्या खुराकाला चार किलो. म्हणून काढावंच लागतं. तयार विरजणातून काढलेलं हे मिश्रण मी फ्रीजमध्ये एका डब्यात साठवतो. त्यात पाव फुगवण्याचा जोर उरलेला नसतो, पण चव आणि आम्ल भरपूर असतं. पॅनकेकला नेमकं तेच हवं, कारण इथे फुगवण्याचं काम खाण्याचा सोडा करतो. आम्ल आणि सोडा भेटले की लगेच कार्बन डायऑक्साइड सुटतो.

पॅनकेक

साहित्य, सात-आठ लहान पॅनकेकसाठी:

साठवलेलं विरजण २४० ग्रॅम (निम्मी कणीक, निम्मं पाणी)
अंडं एक, किंवा अर्धं पिकलेलं केळं कुस्करून
गूळ किंवा साखर एक मोठा चमचा
वितळलेलं लोणी किंवा तेल दोन मोठे चमचे
दूध दोन-तीन मोठे चमचे, लागेल तसं
मीठ पाव लहान चमचा
खाण्याचा सोडा अर्धा लहान चमचा, सपाट

सोडा सोडून सगळं एकत्र कालवा. पीठ आंबोळीच्या पिठाएवढं दाट हवं. पळीतून पडताना जाड पट्टीसारखं पडलं पाहिजे. तवा मध्यम आचेवर तापवा. पाण्याचा थेंब टाकला तर नाचत उडून गेला पाहिजे. तवा तापला की मगच सोडा एक चमचा पाण्यात विरघळवून पिठात घाला आणि हलक्या हाताने ढवळा. पीठ लगेच फसफसून वर येईल. आता थांबू नका. हा वायू कुणाची वाट पाहत नाही. सोडा आधी घालून ठेवला आणि तवा नंतर तापवला, तर पॅनकेक चपटे होणार.

पळीभर पीठ मधोमध सोडा. दोशासारखं पसरवू नका. वर बुडबुडे येऊन फुटले आणि कडा कोरड्या दिसल्या की उलटा. दुसरी बाजू एक-दीड मिनिट. उलथण्याने दाबायचं नाही, दाबलं की कमावलेला वायू गेला.

सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि रंग काळपट होतो. कारण आम्ल संपतं आणि सोडा उरतो. उलट विरजण फार आंबट असेल तर सोडा चिमूटभर वाढवा. दोन पॅनकेक करून चव बघितली की अंदाज येतो.

आता तो प्रश्न

सौ.ला मी काय उत्तर दिलं? सांगितलं, "दुधात आम्ल नाही, यात आहे." मुरलेल्या सावरडोचं आम्लमान, म्हणजे पीएच, साडेतीन ते चारच्या आसपास असतं. पीएच ४.६ च्या खाली बोट्युलिझमचा जिवाणू वाढत नाही, आणि अन्न नासवणाऱ्या इतर अनेक जिवाणूंनाही तिथे जगणं कठीण जातं. लोणचं आणि ताक टिकतं त्यामागेही हेच कारण. शिजलेल्या भाताला असं संरक्षण नाही. वीज गेल्यावर बंद फ्रीज साधारण चार तास थंडावा धरतो, पुढे तो नुसतं कपाट असतो.

पण मंडळी, नियम ठाऊक असणं वेगळं आणि त्यावर दुसऱ्याला जेवू घालणं वेगळं. आमच्या वरच्या मजल्यावर एक मामा-मामी राहतात. मामा ऐंशीचे, मुलगा परदेशात. मामांना सकाळी आठला इन्सुलिन. इन्सुलिन घेतलं की वेळेवर पोटात अन्न जायलाच हवं, नाहीतर साखर घसरते. मामींचा सिलिंडर सोमवारी रात्री संपला. त्यांनी तांदूळ आणि उडीद भिजत घातले होते, पण वीज नाही म्हणून ग्राइंडर बंद, आणि दगडी रगडा त्यांनी घर बदलताना कधीच देऊन टाकला होता. आमच्याकडे गॅस होता. भात किंवा उपमा झाला असता, पण पिण्याच्या पाण्याचा एकच कॅन उरला होता, आणि तो किती दिवस पुरवायचा ते कुणालाच माहीत नव्हतं. विरजणात पाणी आधीच होतं. वाटायचं नाही, धुवायचं नाही. एक पातेलं, एक तवा. क्लॉन्डाइकचंच गणित.

भीती एकाच गोष्टीची. मामांचं पोट बिघडलं, तर गुडघाभर पाण्यातून त्यांना न्यायचं कसं?

लष्करात लंगरचं जेवण जवानांना वाढण्याआधी ड्यूटीवरचा अधिकारी चाखतो. मी तेच केलं. टॉर्चच्या उजेडात डबा तपासला. बुरशी नाही. गुलाबी किंवा नारिंगी छटा नाही. वास ताकासारखा आंबट, कुजका नाही. वर थोडं करडं पाणी होतं, पण ते भुकेल्या विरजणातून सुटतंच. त्यात थोडं अल्कोहोल असतं, ते ओतून दिलं. माझ्याकडे पीएच तपासायच्या कागदी पट्ट्या होत्या. रंग चारच्या जवळपास आला. मग आम्ही दोघांनी सोमवारी रात्रीच त्याचे दोन-दोन पॅनकेक नीट भाजून खाल्ले आणि झोपलो. रात्री कुणाला काही झालं नाही. नुसत्या चाखण्याने अन्न निर्धोक ठरत नाही, हे मला ठाऊक होतं. भरवसा आम्लावर होता. पण जे मी स्वतः खाल्लेलं नाही, ते ऐंशीच्या माणसासमोर ठेवायचं माझ्याने झालं नसतं.

मंगळवारी सकाळी डबा घेऊन वर गेलो. मामी अंडं खात नाहीत, घरात चालतही नाही. ते मी घालणार नव्हतोच. मी समजावायला सुरुवात केली, सावरडो म्हणजे काय, सॅन फ्रान्सिस्को, यीस्ट. मामींनी डब्याचा वास घेतला आणि म्हणाल्या, "पुळिच्च मावुदाने?" म्हणजे, हे आंबलेलं पीठच ना? माझं सगळं व्याख्यान त्यांनी दोन शब्दांत संपवलं. मग खाली आमच्या स्वयंपाकघरात येऊन त्यांनी गूळ आणि केळं बाजूला सारलं, पिठात हिरवी मिरची, कढीपत्ता, आलं आणि हिंग घातलं. सोडा मी घातला. तवा त्यांनी हातातून काढून घेतला.

मामांनी आठला इन्सुलिन घेतलं आणि समोर ताट तयार होतं. तीन खाल्ले, शेंगदाण्याच्या चटणीसोबत. उरलेल्या पिठात इमारतीतल्या आणखी दोन घरांची न्याहारी झाली. वीज बुधवारी संध्याकाळी आली. तोवर मामांचं जेवण आमच्या शेगडीवर होत राहिलं.

फेकायचं कधी, ठेवायचं कधी

हा भाग नीट ऐका, बाकी विसरलात तरी चालेल.

गुलाबी, नारिंगी किंवा काळी छटा, किंवा केसाळ बुरशी दिसली तर पूर्ण बरणी फेका. वरचं काढून खालचं वापरायचं नाही.

ज्यात दूध, अंडं किंवा केळं मिसळलं आहे, ते पीठ साठवायचं नाही. लगेच भाजा. आम्लाचा भरवसा फक्त साध्या कणीक-पाण्याच्या, मुरलेल्या विरजणाचा.

नुकताच मोठा खुराक दिलेली बरणी सुरुवातीचे काही तास पुरेशी आम्ल नसते. पहिल्या आठवड्यातली कच्ची बरणीही नसते. आमचा डबा वाचला, कारण तो जुना आणि चांगला आंबट होता.

कच्चं पीठ चाटायचं नाही. कच्च्या कणकेत घातक जिवाणू असू शकतात, ते भाजल्यावरच मरतात.

आणि मधुमेह असलेल्यांनी आंबट आहे म्हणून हे औषध समजू नये. ही शेवटी कणीकच आहे. किती खायचं ते डॉक्टरांना विचारा.

मामी आता दर शुक्रवारी खाली येतात आणि माझा उरलेल्या विरजणाचा डबा घेऊन जातात. बदल्यात मला त्यांच्या दोशाच्या पिठाची वाटी मिळते. सौ. त्यात थोडी मेथी पूड घालून आंबोळ्या करते आणि म्हणते, आता जरा घरच्यासारखी लागते. कोण कुणाचं पीठ खातंय, याचा हिशेब आम्ही ठेवणं सोडून दिलं आहे.

पुढच्या भागात वीज नसताना पाणी कसं साठवायचं आणि पिण्याजोगं कसं करायचं, ते पाहू. तोवर बरणीला खुराक द्या आणि झाकण सैल ठेवा.

जय हिंद.